दोन माणसांची गाडी

बटण दाबल्याबरोबर गाडी सुरू झाली आणि शुभांगीला धस्स झालं. ती सुरू होणार नाही, असं तिनं धरूनच ठेवलं होतं. तो पोरगा येईल, आत बसेल, बटण दाबेल, आतून नुसती टिकटिक होईल, मग तो ओशाळून हसेल, बघतो आणि कळवतो म्हणेल आणि निघून जाईल. आपण चहा द्यायचा, चार शब्द बोलायचे आणि पुन्हा गाडीवर कव्हर ओढायचं. सकाळपासून हे सगळं तिच्या मनात इतक्या वेळा होऊन गेलं होतं की खरंच घडायची गरज उरली नव्हती. आणि आता पार्किंगच्या पत्र्याखाली एकदम जड, भरलेला आवाज घुमला, खालच्या खोल्यांच्या खिडक्यांची तावदानं थरारली आणि दोन नंबरच्या खोलीतली भाडेकरीण ओले हात पुसत दारात आली. ओट्यावर खुर्चीत बसलेल्या कैलासनं नुसती मान आवाजाकडे वळवली. डोळ्यांवर काळा चष्मा होता, त्यामुळे चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. आजारी माणसाचा श्वास नीट चाललाय ना हे जसं कुणी ऐकतं, तसा तो ऐकत होता.

पोराचं नाव साहिल. पोरगा म्हणायचं, पण तिशीचा असेल. ओढ्यापलीकडच्या उंच सोसायटीत भाड्यानं राहायचा, हिंजवडीत कॉम्प्युटरच्या नोकरीत होता. त्यांच्या मुलीनं, दिशानं, हैदराबादला बसून इंटरनेटवर जाहिरात टाकली होती, ती वाचून तो आला होता. या गाड्यांचं त्यानं इतकं वाचून ठेवलं होतं की मागच्या खेपेला तो गाडीत बसलाच नाही, नुसता खाली वाकून, आडवा पडून, बॅटरी मारून बघत राहिला होता. आज म्हणाला, थंड असताना सगळ्याच गाड्या चालतात, मला ही चांगली तापल्यावर बघायचीय, तासदीड तास तरी चालवायला लागेल. त्याच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता. फसायचं नाही असं ठरवून आलेल्या माणसाची ती सावध नम्रता होती. कैलासला ती आवडली असावी. तो म्हणाला, मग मुळशीच्या वाटेवर मालेपर्यंत जाऊन या, पौड सोडलं की रस्ता मोकळा मिळतो. आणि मग शुभांगीकडे तोंड करून, पण ती उभी होती त्याच्या जरा बाजूलाच बघत म्हणाला, "तू जा बरोबर. आपलं कुनीतरी पायजे गाडीत."

नाही म्हणायला कारण नव्हतं. अनोळखी माणसाच्या हातात गाडी एकटी कशी सोडायची? दीर दादासाहेब घरात असते तर त्यांना धाडलं असतं, पण ते त्यांच्या वेगळ्या इमारतीत, वेगळ्या चुलीवर. तिनं चपला बदलल्या, पदर खोचला आणि गाडीचं लांबच लांब दार उघडून ती खाली, आणखी खाली, जवळजवळ जमिनीवर बसावं तशी बसली. गुडघे पुढे, पाठ मागे. कातड्याचा, जुन्या अत्तराचा आणि बंद खोलीचा असा एकत्र वास आला. समोरच्या काचेतून मारुंजी गाव ओळखीचं वाटेना. सगळं वर गेलं होतं. टेम्पोची चाकं तोंडासमोर, दुकानांच्या पायऱ्या नजरेच्या उंचीला. साहिल प्रत्येक गतिरोधकाला गाडी तिरपी घालून एकेक चाक अलगद चढवत होता, तरी दुसऱ्या गतिरोधकाला पोटाखालून खर्रकन आवाज आलाच आणि शुभांगीनं नकळत दात दाबले. हा आवाज तिला तोंडपाठ होता. सहा वर्षं ती स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत आली होती, आणि ऐकला की प्रत्येक वेळी तिच्या मनात एकच शब्द यायचा, घ्या. घ्या आता.

हिंजवडीच्या कंपन्यांसाठी जमीन गेली, पैसा आला, तेव्हा वाटण्या झाल्या. सासरे हैबतराव हयात होते, त्यांनी दोन्ही मुलांना समोर बसवून निवाडा केला, दोघांनी दोन इमारती बांधल्या, खोल्या काढल्या, खोल्यांत नोकरीवाली पोरं भरली. त्या साली गावात घरटी एक मोठी पांढरी गाडी आली. दादासाहेबांनी सात माणसांची घेतली आणि पहिल्याच आठवड्यात अख्खं घर कोंबून जेजुरीला नेऊन आणलं. कैलास काय घेतो याची सगळे वाट बघत होते, आणि त्यानं एका मुंबईच्या माणसाकडून ही घेतली. परदेशी, राखाडी, चपटी, दोन हात आधी फिरलेली. लोकांनी गाडीभोवती फेरी मारली आणि मागची सीट शोधली. ती नव्हतीच. हैबतराव काठी टेकत आले, वाकून आत बघितलं आणि देवळाकडे निघून गेले. कैलास लग्नाआधी हिंजवडीत एका कंपनीत साहेबाचा ड्रायव्हर होता. तिथं कधीतरी कुणा पाहुण्याची अशी गाडी त्यानं पार्किंगमधून दारापर्यंत आणली होती, तेवढंच. त्या पन्नास पावलांबद्दल तो लग्नानंतर दोनतीनदा तिच्याशी बोलला होता, आणि तेव्हा तो दुसराच कुणी वाटायचा. ही गाडी आणली त्या दिवशी, नारळ फोडून झाल्यावर, सगळे पांगल्यावर तो हळू आवाजात तिला म्हणाला होता, ह्याच्यात दोनच मानसं बसत्यात. तिला वाटलं, गाडीतली खोट तो प्रामाणिकपणे आपल्याला सांगतोय. ती म्हणाली होती, मग उपेग काय तिचा?

चांदणी चौकातून पौड रस्त्याला लागल्यावर साहिल जरा सैल झाला आणि बोलायला लागला. या गाड्या घ्यायला परवडतात, म्हणाला, कारण जुन्या झाल्या की भाव पडतो. पण सुट्या भागांचा भाव पडत नाही, तो नव्या गाडीचाच राहतो, म्हणून लोक हौसेनं घेतात आणि दोन वर्षांत विकतात. गिअरबॉक्स हे तिचं दुखणं. शिवाय पाण्याचे पाइप, शिवाय ब्रेक. शुभांगी हं हं करत होती. हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिनं ते वेगळ्या भाषेत शिकून घेतलं होतं. भाडी गोळा करायचं काम तिच्याकडे होतं, आणि कुठल्या खोलीचं भाडं कशात जातं हे तिच्या मनात पक्कं बसलं होतं. जिन्याखालच्या खोलीचं वर्षभराचं भाडं गाडीच्या विम्याला. मागचे दोन टायर म्हणजे गच्चीवरची खोली, पोरं बारा महिने राहिली तरी. ब्रेकच्या चकत्या बदलल्या त्या साली दिशाच्या वसतिगृहाचे पैसे भरताना तिनं स्वतःच्या माहेरून आणलेले वापरले आणि ते कैलासला कळेल अशा बेतानं वापरले. तो कधी चढ्या आवाजात बोलायचा नाही. बिल घडी करून खिशात ठेवायचा आणि त्या रात्री भाकरी एक कमी खायचा. तिला त्याचा राग यायचा. भांडला असता तर बरं झालं असतं.

"तुम्ही बसत असाल ना काकू नेहमी?" साहिलनं विचारलं. "काकांबरोबर?"

"बसते की," ती म्हणाली.

भूगावचा तलाव मागे पडला आणि भुकूमच्या पाट्या दिसायला लागल्या. ती खरं तर एकदाच बसली होती, आणि ती इथंच यायला. भुकूम तिचं माहेर. धाकट्या भावाच्या, अमोलच्या, बंगल्याची वास्तुशांत होती. गाडी येऊन महिनाही झाला नव्हता. दादासाहेबांच्या गाडीतून सगळे पुढे गेले आणि लग्नानंतर पहिल्यांदाच तिला नवऱ्याबरोबर, दोघांनीच, असं कुठं जायचं होतं. पैठणी नेसून ती या सीटवर बसली होती. वाटेत कैलास काचेवर पडलेला डाग परत परत पुसत होता. एकदा त्यानं विचारलं, गार लागतंय का, आणि ती न्हाई म्हणाली, तरी त्यानं वारा कमी केला. अमोलच्या बंगल्याच्या फाटकासमोर चढ आहे. त्या चढावर समोर काट्यांशेजारी पिवळा दिवा लागला, गाडीनं एक हिसका दिला आणि गिअर पडेना. पुढे जाईना, मागे येईना. तशीच रस्त्यात आडवी उभी. मागून पाहुण्यांच्या गाड्या येऊन थांबल्या, हॉर्न सुरू झाले. मांडवातून माणसं उठून आली. कुणीतरी फोन वर धरला. अमोलचा एक मित्र म्हणाला, दाजी, बैल आनू का, आणि सगळी हसली. कैलासही हसला. त्याच्या कपाळावर घाम होता आणि तो हसत होता, आणि ते हसू बघून तिला त्याची दया यायला हवी होती, पण तिला लाज वाटली. ती दार उघडून उतरली, पैठणीचा काठ सावरला आणि मागे न बघता मांडवात निघून गेली. गाडी उचलून नेणारा ट्रक यायला दुपार कलली. तोवर तो गाडीपाशीच बसून राहिला. त्याचं पान झाकून ठेवलं होतं. वहिनीनं दोनदा म्हटलं, जा, बोलावून आणा त्यांना. ती म्हणाली, येतील की, रस्ता म्हायती हाय त्यांना. संध्याकाळी ती अमोलच्या गाडीतून घरी आली.

आता ते फाटक उजव्या हाताला आलं आणि गेलंसुद्धा. गाडी त्या वेगातही संथ होती. शुभांगीनं मान वळवली, फाटकात कुणी नव्हतं. कुणीतरी असायला हवं होतं, असं तिला वाटलं, आणि असं का वाटावं हे तिला कळेना.

त्यानंतर गाडी किती वेळा ट्रकवर चढून घरी आली हे तिनं मोजायचं सोडून दिलं होतं. ट्रकवाल्याला घर विचारावं लागत नसे. गावात गाडीला कैलासशेटचं विमान म्हणायचे, आणि हे नाव पहिल्यांदा कुणी ठेवलं याचा शोध घेतला असता तर तो शुभांगीपर्यंतच आला असता. एकदा पाण्याचा पाइप फुटून गाडी आली, खाली हिरवं पाणी ठिबकत होतं, आणि भाडेकरू पोरं गॅलरीत उभी होती. शुभांगी वर बघून मोठ्यानं म्हणाली होती, आलं बघा विमान, उतरवून घ्या. पोरं हसली. कैलासनं ट्रकवाल्याला पैसे दिले, गाडी ढकलून पत्र्याखाली घेतली आणि त्या दिवसापासून तिच्यावर कव्हर घातलं ते घातलंच. ती जिंकली होती. रविवारी दुपारी तो खाली जायचा आणि बराच वेळ वर यायचा नाही. कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली की तिला दिसायचं, कव्हर पुढून अर्धं दुमडलेलं आणि तो आत बसलेला. गाडी बंद. हात स्टिअरिंगवर नसायचे, मांडीवर असायचे. खाली जाऊन शेजारी बसावं, असं तिच्या मनात कधी आलं होतं का? आलं असेल. पण कपड्यांची बादली रिकामी झाली की ती जिन्यानं सरळ स्वयंपाकघरात यायची.

पिरंगुटचा घाट उतरून गाडी पौडला आली तेव्हा साहिलनं एसी बंद केला आणि काचा खाली केल्या. इंजिन ऐकायचंय, म्हणाला. थंडीचे दिवस होते, ऊन कोवळं नव्हतं आणि कडकही नव्हतं. पौडच्या बाजारातली गर्दी सुटली आणि रस्ता खरंच मोकळा झाला. दोन्हीकडे भात काढलेली खाचरं, त्यांत वालाचे हिरवे पट्टे, लांब डोंगराची निळी ओळ. काकू, जरा ओढतो, घट्ट बसा, असं म्हणून त्यानं पाय दाबला. शुभांगीची पाठ सीटमध्ये रुतली. आवाज पहिल्यांदा मागे राहिल्यासारखा झाला आणि मग सगळीकडून आला, तळव्यातून, मांड्यांतून, छातीच्या फासळ्यांतून. खाचरांच्या बांधांच्या रेघा एकमेकींत मिसळल्या. तिनं दाराची मूठ धरली, आणि तिच्या तोंडून भीतीची किंकाळी निघायच्या ऐवजी काहीतरी हसल्यासारखं निघालं. स्वतःचा तो आवाज ऐकून ती दचकली. इतकं सुख या वस्तूत होतं तर. सहा वर्षं पत्र्याखाली, तिच्या स्वयंपाकघराच्या खाली, हे असं भरून ठेवलेलं होतं. आणि ज्याला ते ठाऊक होतं तो एकटा माणूस ते सांगायला जमत नाही म्हणून गप्प बसून होता. गाडी आता बंद पडेल, असं तिला अजूनही वाटत होतं. समोरच्या दिव्यांवर तिची नजर खिळली होती, त्यांतला पिवळा कुठला ते तिला पक्कं माहीत होतं. पिवळा लागला नाही. तो लागावा असं तिला मनापासून वाटायला लागलं. इथं, या चढाला, आत्ता बंद पडली तर सगळं बरोबर होतं असं होईल, तिनं जे म्हटलं ते, जे केलं ते. गाडी चढ सहज चढून गेली.

माले आलं तसं साहिलनं रस्त्याकडेला एका आंब्याखाली गाडी घेतली आणि इंजिन चालूच ठेवून उतरला. झाकण उघडून वास घेतला, मग खाली गवतावर पडून मोबाइलच्या उजेडात पोटाखाली बघितलं. शुभांगी उतरली. शेतात दोन बायका वालाच्या शेंगा तोडत होत्या, त्यांनी उभं राहून जरा वेळ बघितलं आणि पुन्हा वाकल्या. साहिल उठला, शर्टाची धूळ झटकली. त्याच्या तोंडावर आता खरेदीदाराची सावधगिरी राहिली नव्हती.

"कुठंच काही नाही," तो म्हणाला. "एक थेंब नाही. काकू, जाहिरात वाचली तेव्हा मला वाटलं होतं विकायच्या आधी वरवर रंगरंगोटी केली असेल. पण गिअरबॉक्सचं एवढं काम विकायच्या गाडीवर कुणी करत नाही. स्वतः वापरायची म्हणूनच केलंय हे."

मग त्यानं सहज सांगितलं, की यायच्या आधी त्यानं पुण्यातल्या अमजदभाईंना फोन केला होता, ज्यांनी हे काम केलं त्या मिस्त्रींना. गिऱ्हाईक कसं होतं विचारलं होतं. ते म्हणाले, असं गिऱ्हाईक कधी बघितलं नाही. या गाड्या आणतात ते वेग मागतात. हे शेट म्हणाले, वेग कमी झाला तरी चालेल, पण वाटेत बंद पडता कामा नये, घरचं माणूस बसायचंय. डावीकडच्या सीटचा पट्टा अडकत होता तोही बदलून घेतला, तीच सीट थंडीत गरम व्हायची सोय दुरुस्त करून घेतली, आणि दोन महिने दर आठवड्याला येऊन बसायचे. साहिल हसला. मला तर तेव्हाच पटलं होतं, म्हणाला, तरी म्हटलं एकदा चालवून बघू.

शुभांगी गाडीच्या कडेला टेकली. पत्रा गरम होता. गेल्या वर्षीच्या दिवाळीआधी गाडी पुण्याला गेली तेव्हा कैलासच्या हातातलं सोन्याचं कडंही गेलं होतं. मनगटावरचा तो पांढरा पट्टा तिला पहिल्याच दिवशी दिसला आणि तिनं ठरवलं, की विचारायचं नाही, त्यानं होऊन सांगायला हवं. त्यानं सांगितलं नाही. संक्रांत झाल्यावर एका सकाळी तो बूट घालून स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला होता. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. येतीस का, म्हणाला, मालेपातुर जाऊन येऊ. ती टँकरवाल्याशी फोनवर बोलत होती. फोन कानाला तसाच ठेवून ती म्हणाली, ढकलायला दुसरं कुनी बघा. तो वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागला. त्याला वेळ लागत होता, गाठ सापडत नव्हती. तेव्हाच डोळे जायला लागले होते का? तेव्हा तिला वाटलं, मुद्दाम करतोय. होळीच्या सुमाराला त्याच्या एका डोळ्यात रक्त उतरलं, मग दुसऱ्या. साखरेनं केलं, डॉक्टर म्हणाले. सुया झाल्या, लेझर झालं. आता त्याला उजेड दिसतो, माणसाची आकृती दिसते, कडा दिसतात. गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा त्यानं मान हलवली, कुणी रस्ता सांगितल्यावर हलवावी तशी. आणि गाडी विकू या, असं तोच आपणहून म्हणाला.

ह्याच्यात दोनच मानसं बसत्यात. तिला ते वाक्य आता पुन्हा ऐकू आलं, त्याच हळू आवाजात, आणि त्याच्यामागून आणखी एक दुपार वर आली, जी ती कधीच विसरून गेली होती. लग्न होऊन वर्ष झालं असेल. घरात अकरा माणसं, कुठं जायचं तर जीपमधून सगळी. कैलासनं एका रविवारी मोटरसायकल धुतली आणि सासूबाईंना म्हणाला, हिला मुळशीचं धरण दाखवून आणतो. सासूबाईंनी धाकट्या नणंदेची वेणी घातली आणि तिलाही मधे बसवलं, तिनं तरी कधी बघितलंय, म्हणून. धरणाच्या काठावर नणंद दोघांच्या मधे बसून भेळ खात होती आणि तिच्या डोक्यावरून कैलास शुभांगीकडे बघून असा हसला होता, की आपली पाळी येईल कधीतरी. ती पण हसली होती. मग दिशा झाली, सासू आजारी पडली, जमीन गेली, इमारत आली. पाळी येईल असं वाटत असतानाच ती आपण काही मागत होतो हेच विसरून गेली. तो विसरला नव्हता. त्याला बोलता येत नव्हतं म्हणून त्यानं अशी गाडी आणली जिच्यात मधे कुणाला बसवताच येणार नाही, आणि ती गाडी तिला समजली नाही. कुणाला समजली असती? पण ती दुसरी कुणी नव्हती, त्याची बायको होती.

परतीच्या वाटेवर ती काचेला डोकं टेकून बसली. साहिलला वाटलं, काकूंना गाडी लागली, म्हणून त्यानं हळू आणली. मारुंजीत वळले तेव्हा दुपार झाली होती. कैलास ओट्यावर नव्हता. फाटकाशी, एक हात खांबाला लावून उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे. गाडी आत आली, थांबली, साहिल उतरून मागून चाकं बघायला गेला. शुभांगी कैलासजवळ आली.

"कशी चालली?" त्यानं विचारलं.

"चांगली चालली."

"बंद पडली न्हाई?"

"न्हाई. कुटंच न्हाई." मग ती म्हणाली, "मला सांगायचं व्हतं, नीट झाली म्हनून."

"इचारलं की," कैलास म्हणाला. "येतीस का म्हनून इचारलं व्हतं."

त्यात ठपका नव्हता. जे झालं ते त्यानं सांगितलं. ती त्याच्या मनगटाकडे बघत राहिली. तिथला पांढरा पट्टा उन्हानं बुजून आता बाकीच्या हातासारखाच झाला होता.

साहिलनं फार घासाघीस केली नाही, कैलासनं तर मुळीच केली नाही. चहा झाला, कागदपत्रांचं पुढच्या आठवड्यात बघू असं ठरलं. निघताना साहिलला काय वाटलं कोण जाणे, कदाचित आपल्याला आनंद झालाय आणि यांना झालेला नाही हे त्याला जाणवलं असावं. तो म्हणाला, चला ना, जायच्या आधी तुम्हा दोघांना एक चक्कर मारून आणतो. म्हणून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, की तो चालवणार म्हटल्यावर एकच जागा उरते. कैलास हसला. तू जा, असं त्यानं शुभांगीला हातानं खुणावलं. "मी जाऊन आले की," ती म्हणाली. "तुमी जावा."

तिनं त्याचा हात धरला आणि ओट्याच्या पायऱ्या उतरवून त्याला गाडीशी आणलं. तो सवयीनं उजव्या दाराकडे वळला. तिनं त्याला कोपराला धरून पुढून वळसा घालून डावीकडे नेलं, आणि मधेच एका ठिकाणी त्याचं पाऊल अडखळलं तेवढंच, मग तो मुकाट्यानं आला. डोक्याला वरचा पत्रा लागू नये म्हणून तिनं तळहात मधे धरला. तो बसल्यावर वाकून पट्टा ओढून घेतला आणि लावला. पट्टा नवाच होता, एका ओढीत आला. तिचा चेहरा त्याच्या चेहऱ्याच्या अगदी जवळ गेला आणि काळ्या काचेत तिला तिचंच तोंड दिसलं, वाकलेलं, थकलेलं. साहिल दुसरीकडून आत बसला आणि त्यानं बटण दाबलं.

गाडी फाटकातून बाहेर गेली, गतिरोधकावर तिरपी झाली, कोपऱ्यावर वळली आणि दिसेनाशी झाली. शुभांगी रस्त्यावर आली. आवाजावरून तरी कुठवर गेले ते कळेल, म्हणून ती कान देऊन उभी राहिली. टेम्पो गेले, मोटरसायकली गेल्या, पाण्याचा टँकर मागे येत पीं पीं करत होता, लांब कुठंतरी एक जड आवाज चढत गेला आणि विरला. ती ऐकत राहिली. इतक्या गाड्यांत आपली कुठली, ते तिला ओळखता येईना.